घारापुरीचा दुसरा डोंगर

(वर्षावास काळातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला दिलेला विषय 'सहलीचे स्थळ : घारापुरी' असा साधा होता. मी त्यात थोडा बदल करून घेतला आहे. घारापुरीची सहल आपल्यापैकी पुष्कळांनी केलेली आहे. मोऱ्याच्या धक्क्यावरून नाहीतर गेटवेवरून लाँच पकडायची, एकशेवीस पायऱ्या चढायच्या, पहिल्या नंबरच्या लेण्यातली ती भव्य त्रिमुखी मूर्ती पाहायची, झाडाखाली डबे उघडायचे, माकडांपासून ते वाचवायचे आणि चारच्या सुमारास परत फिरायचे. परत आलेल्या मुलांना मी विचारतो, "स्तूप पाहिलात का?" तर मुले एकमेकांकडे पाहतात आणि मलाच उलट विचारतात, "तिथे स्तूप कुठे आहे?"

स्तूप आहे. तो दुसऱ्या डोंगरावर आहे. मी आज त्या दुसऱ्या डोंगराबद्दलच बोलणार आहे.

प्रथम बेटाची रचना ध्यानात घ्या. घारापुरी हे आपल्या रायगड जिल्ह्यातले, उरण तालुक्यातले बेट. मुंबईच्या गेटवेपासून ते सुमारे दहा-अकरा किलोमीटरवर आहे, आणि न्हावा-शेव्याचा आपला किनारा त्याला त्याहून पुष्कळ जवळ आहे. तरी जग ते मुंबईचे म्हणून ओळखते, ते असो. बेटावर दोन डोंगर आहेत आणि दोघांच्या मधून उत्तर-दक्षिण अशी खोल घळ गेलेली आहे. पश्चिमेच्या डोंगरावर ती प्रसिद्ध शैव लेणी आहेत. त्याच्या माथ्यावर ब्रिटिशांच्या काळातल्या दोन तोफा आहेत, म्हणून त्याला तोफांचा डोंगर म्हणतात. घळीच्या पलीकडचा, पूर्वेचा डोंगर सुमारे १७३ मीटर उंच आहे आणि इंग्रजी पुस्तकांतूनसुद्धा त्याचे नाव स्तूपाचा डोंगर असेच दिलेले असते. म्हणजे नाव शिल्लक राहिले आहे, जाणारा मात्र राहिलेला नाही. तोफा पाहायला माणसे धापा टाकीत चढतात आणि स्तूपाकडे पाठ करून फोटो काढतात.

आता विद्यार्थी मित्रांसाठी थोडे भूगोलाचे बोलतो, कारण हा डोंगर कशाचा आहे हे कळल्याशिवाय वरच्या स्तूपाचे मोल कळायचे नाही. हा डोंगर ज्वालामुखीच्या खडकाचा आहे. असे म्हटले की मुले विचारतात, "मग ज्वालामुखीचे तोंड कुठे आहे?" चित्रातला ज्वालामुखी शंकूसारखा असतो, वर खड्डा असतो, त्यातून धूर येतो. तसा ज्वालामुखी पाहायचा तर आपल्या देशात अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेटावर आहे. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून तो १९९१ साली पुन्हा जागा झाला. आपल्याकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झाले ते निराळे. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारस उकळून वर आला. तो पातळ होता. परातीत गुळाचा पाक ओतावा तसा तो पसरत गेला, थिजला. त्याच्यावर पुन्हा दुसरा थर, पुन्हा तिसरा. आज उरलेला हा खडकाळ प्रदेश सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे आणि सह्याद्रीत या थरांची जाडी काही ठिकाणी दीड-दोन किलोमीटर भरते. थरांची झीज होऊन डोंगरांना पायऱ्या पडल्या, म्हणून भूगर्भशास्त्रज्ञांनी याला 'दख्खनचा ट्रॅप' म्हटले. स्वीडिश भाषेत 'ट्रापा' म्हणजे जिना. तेव्हा घारापुरीला शिखरावर तोंड शोधू नका. तुम्ही ज्या पायऱ्या चढता त्यांच्या शेजारचा काळा कातळ हाच ज्वालामुखी आहे, थंड झालेला.

आपल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी विहिरी खणल्या, सुरुंग लावले, खडी फोडली, त्यांना हा खडक पुस्तकाशिवाय ठाऊक होता. पहारीचा आवाज कसा येतो त्यावरून ते खाली काय आहे ते सांगत. अखंड काळा कातळ वेगळा, बुडबुड्यांच्या भोकांत पांढरे खडे भरलेला मांजऱ्या वेगळा, आणि दोन थरांच्या मध्ये सापडणारी तांबडी माती वेगळी. ती तांबडी माती म्हणजे एक थर थंड होऊन दुसरा येईपर्यंत मध्ये गेलेला दीर्घ काळ. लेणी कोरणाऱ्यांनाही हे ज्ञान असलेच पाहिजे. सलग कातळ जिथे मिळेल तिथेच छिन्नी लावायची, भेग लागली की काम सोडायचे. याचा पुरावा घारापुरीच्या पूर्वेकडील डोंगरावरच आहे. तिथले सातव्या नंबरचे लहानसे लेणे खडकात दोष निघाल्यामुळे अर्धवट सोडून दिले गेले असे अभ्यासक सांगतात. मला ते अर्धवट लेणे पुऱ्या लेण्याइतकेच बोलके वाटते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या असो की दीड हजार वर्षांपूर्वीच्या, एका कारागिराने तिथे कातळावर हात ठेवून "इथे नको" म्हटले आहे.

आता चढणीकडे येतो. मुख्य लेण्यांकडून पूर्वेला वाट जाते, ती घळीला वळसा घालून दुसऱ्या डोंगराला लागते. वाटेत सहाव्या नंबरचे लेणे आहे, त्याला लोक सीताबाईचे देऊळ म्हणतात. आत दालन आहे आणि मागच्या बाजूला तीन खोल्या. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस त्याचा वापर चर्च म्हणून होत होता. त्याच्यापुढे सातवे लेणे, आणि त्याच्याही पूर्वेला एक सुकलेले तळे, काठावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी. टाक्यांपाशी जरूर थांबा. बेटावर नदी नाही. पावसाचे पाणी धरून ठेवले तरच उन्हाळा काढता येईल अशी जागा. सलग काळा कातळ पाणी झिरपू देत नाही, म्हणून टाके टिकते. पुस्तकात बौद्ध टाकी असा दोन शब्दांचा उल्लेख असतो, पण त्या दोन शब्दांत माणसे राहत होती, धूत होती, स्वयंपाक करीत होती आणि पावसाळ्याचे चार महिने खवळलेल्या समुद्रामुळे तिथेच अडकून पडत होती. भिक्षूंनी वर्षावासात एका ठिकाणी राहावे असा नियम आहे. बेटावर तो नियम समुद्रच पाळायला लावीत असणार, असे माझे आपले अनुमान आहे.

टाक्यांच्या जवळच, डोंगराच्या उत्तरेकडे गेलेल्या सोंडेच्या टोकाला, स्तूप आहे. तिथे तुम्हाला सांचीसारखे तोरण दिसणार नाही, हर्मिका दिसणार नाही, छत्र दिसणार नाही. दुरून पाहिले तर गवताचे एक टेकाड. जवळ गेल्यावर विटा दिसतात. पुष्कळांची इथे निराशा होते. मुलांना आधी सांगितले नाही तर ती म्हणतात, "हे पाहायला एवढे चढवले?" त्यांना आधी सांगावे, आणि मग एक प्रश्न विचारावा, "इथे विटा का?"

बंधू-भगिनींनो, आजच्या भाषणात मला खरोखर सांगायची गोष्ट एवढीच आहे. संपूर्ण बेट दगडाचे. पायाखाली दगड, उशाला दगड. पलीकडच्या डोंगरावर माणसांनी त्याच दगडातून सबंध देवालय कोरून काढले. आणि या डोंगराच्या माथ्यावर मात्र विटेचा स्तूप. वीट कातळातून निघत नाही. विटेला चिकणमाती लागते, पाणी लागते, भट्टी लागते, सरपण लागते. यांतले काहीही डोंगराच्या माथ्यावर भरपूर नाही. म्हणजे माती खाडीच्या काठची असो, विटा बेटावर खाली भाजलेल्या असोत की होडीतून पलीकडून आणलेल्या असोत, त्या कोणीतरी वाहून वर नेल्या आहेत. वाहून कशा नेल्या असतील? तिथे गाडीरस्ता नव्हता. डोक्यावरून. एका खेपेला किती विटा डोक्यावर मावतात हे आपल्या समाजातल्या माणसाला दुसऱ्याने सांगायची गरज नाही. मुंबईच्या इमारतींच्या परातींवर आणि ठाणे-रायगडच्या वीटभट्ट्यांवर आपल्या किती आयांच्या टाळू झिजल्या आहेत! स्तूप कोणत्या राजाने बांधला हे विचारणारे पुष्कळ भेटतात. विटा कोणी वाहिल्या हे विचारणारा मला अजून भेटायचा आहे.

विटेचा स्तूप या किनाऱ्याला नवा नाही. सोपाऱ्याचा स्तूपही विटेचाच. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो १८८२ साली उघडला, तेव्हा आत दगडी पेटी, एकात एक ठेवलेले करंडक आणि बुद्धांच्या आठ लहान ब्राँझ मूर्ती मिळाल्या. उत्खननाआधी त्या टेकाडाला गावचे लोक काय म्हणत? बुरुड राजाचा कोट. टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला लोकांनी राजा केले होते! स्तूप विसरला गेला, बुद्ध विसरले गेले, पण हे टेकाड कष्टकऱ्याचे आहे एवढी आठवण कुठेतरी तग धरून राहिली, असे मला वाटते. इतिहासकार याला पुरावा म्हणणार नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे.

सोपारा, कल्याण, चौल ही त्या काळची बंदरे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत या तिन्ही गावांचे दाते आढळतात. आपल्याच जिल्ह्यातील तळे तालुक्यात कुड्याची लेणी आहेत. तिथल्या लेखांत दान देणारा माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, भिक्षुणी आहे. घारापुरी या बंदरांच्या वाटेवरच बसली आहे. बेटाच्या किनाऱ्यावर रोमन मद्यकुंभांची खापरे मिळालेली आहेत. तेव्हा जहाजे येत होती, व्यापारी उतरत होते, आणि खाडीत शिरणाऱ्या खलाशाला पूर्वेच्या डोंगरावरचा स्तूप दुरून दिसत असला पाहिजे. आज तिथून आपल्याला काय दिसते? न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन, आणि उत्तरेला जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. हवा स्वच्छ असेल तर कर्नाळ्याचा सुळकाही दिसतो. तोही याच शिलारसाचा.

इथे एका नाजूक मुद्द्यावर स्पष्ट बोलणे भाग आहे. आपल्यातले काही उत्साही कार्यकर्ते सांगतात की घारापुरीची सगळी लेणी मुळात बौद्धच, ती त्रिमुखी मूर्तीही बुद्धांचीच, नंतर बदलली. माझे नम्र पण ठाम मत असे की हे बोलू नये. मुख्य लेणे शैव आहे, साधारण सहाव्या शतकातले आहे, मूर्ती सदाशिवाची आहे. तिच्याकडे शिल्प म्हणून मान वर करून पाहावे आणि कारागिराला दाद द्यावी. सीताबाईच्या लेण्याबद्दलही ते बौद्ध की हिंदू यावर विद्वानांत एकमत नाही. ऐहोळेच्या इ.स. ६३४ च्या शिलालेखात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने नौदलासह पुरी नगरी जिंकल्याचे वर्णन आहे. काही जण ती पुरी म्हणजे घारापुरी मानतात, काही जण राजपुरी मानतात. स्तूपाचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा सांगितला जातो, पण तो अंदाज आहे आणि अंदाज म्हणूनच सांगावा. बाबासाहेबांनी आपल्याला तपासून घ्यायला शिकवले. जे आपले आहे ते एवढे पक्के असताना, जे आपले नाही त्यावर हक्क सांगून आपण आपलीच बाजू लंगडी करतो. विटांचा स्तूप आहे, टाकी आहेत. एवढे पुष्कळ आहे.

आणि जे आहे ते राहील की नाही हा खरा प्रश्न आहे. घारापुरीतून वस्तू नेण्याचा इतिहास मोठा आहे. राजबंदराजवळ काळ्या दगडाचा एक प्रचंड हत्ती होता, त्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचे ठरवले, उचलताना तो पडून फुटला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. ही परक्यांची गोष्ट झाली. आपण काय करतो? श्रद्धेने गेलेला माणूस 'आठवण' म्हणून विटेचा तुकडा खिशात घालतो. विटांवरच मेणबत्त्या लावतो, मेणाचे ओघळ विटेत मुरतात. मुले स्तूपाच्या माथ्यावर चढून झेंडा धरून फोटो काढतात. एका सहलीतली चाळीस माणसे एकेक तुकडा घरी नेऊ लागली, तर तो स्तूप किती वर्षे पुरेल याचे गणित सातवीतला मुलगाही करील.

घारापुरी लेणी १९८७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. यादीतले नाव 'लेणी' असे आहे, त्यामुळे स्तूप पाठीमागे पडला. त्याच बेटावरच्या शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन गावांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळी काही तास जनित्राचा उजेड. समोर मुंबई रात्रभर लखलखत असताना ही माणसे अंधारात राहिली. डोंगराच्या वाटा त्यांना पाठ आहेत. तिथे गेल्यावर स्थानिक माणसाला वाट दाखवायला बरोबर घ्यावे, त्याला योग्य मोबदला द्यावा, जेवण शक्यतो तिथल्या बायांकडून घ्यावे. स्तूप सांभाळायचा तर तो त्यांच्याशिवाय सांभाळला जाणार नाही.

समुद्रापलीकडचे एक उदाहरण देतो. जावा बेटावर बोरोबुदूर येथे सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचा प्रचंड स्तूप आहे. तो ज्वालामुखीच्याच दगडाचा आहे आणि जवळच मेरापी नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे. स्तूप राखेखाली, झाडीखाली गेला होता. १८१४ मध्ये तो पुन्हा जगासमोर आला, १९७३ ते १९८३ या काळात युनेस्कोच्या साह्याने दगड न् दगड उतरवून पुन्हा रचला गेला. २०१० साली मेरापीचा उद्रेक झाला आणि स्तूपावर राख बसली. ती राख दगड खाईल म्हणून कामगार आणि आसपासचे लोक हातात झाडू घेऊन वर चढले आणि एकेक मूर्ती पुसून काढली. इंडोनेशियात बहुसंख्य लोक मुसलमान आहेत, हे मुद्दाम सांगतो. (श्रीलंकेला जाऊन आलेले आपले काही सभासद तिथल्या श्रीपाद पर्वतालाही ज्वालामुखी समजतात. तो ज्वालामुखीचा नाही, फार जुन्या निराळ्या खडकाचा आहे. पण २,२४३ मीटरची ती चढण रात्री चढून जाणाऱ्या म्हाताऱ्या उपासिका पाहिल्या की १७३ मीटरबद्दल कुरकुर करायला जीभ रेटत नाही.)

आता व्यवहाराचे. सोमवारी लेणी बंद असतात, सहल सोमवारी ठेवू नये. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते, पाय ठरत नाही आणि लाँचचाही भरवसा नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. सकाळच्या पहिल्या लाँचने गेले पाहिजे. आधी पूर्वेचा डोंगर, मग ऊन चढल्यावर मुख्य लेणे, हा क्रम ठेवावा. नेहमीच्या उलट क्रमाने गेल्यास डबे खाऊन झाल्यावर कोणी डोंगर चढत नाही. स्तूपाकडे निघण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याच्या माणसांना विचारून, वाट खुली आहे याची खात्री करून मगच निघावे. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी असावे, खाण्याच्या पिशव्या उघड्या धरू नयेत. लाँचमध्ये जीवरक्षक जाकीट अंगात घालूनच बसायचे, मांडीवर ठेवून नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचवर नौदलाची वेगबोट आदळून दहाहून अधिक जीव गेले, हे विसरता येणार नाही. लहान मुले घेऊन जाणाऱ्यांनी याबाबत कोणाची भीड धरू नये.

विद्यार्थ्यांनी वही आणि पट्टी न्यावी. बाहेर दिसणाऱ्या विटेची लांबी, रुंदी, जाडी हात न लावता मोजता येईल तेवढी मोजावी आणि नंतर आपल्या घराच्या विटेशी ताडून पाहावी. तांबडा थर कुठे दिसतो, बुडबुड्यांचा खडक कुठे संपतो, टाक्याच्या भिंतीवर छिन्नीच्या खुणा कोणत्या दिशेने आहेत, हे लिहून आणावे. वंदना म्हणायची ती स्तूपाच्या पायथ्याशी, सपाट जागेवर उभे राहून. प्रदक्षिणाही खालूनच. फुले ठेवावीत, मेणबत्ती नको.

समितीच्या वतीने पुरातत्त्व खात्याकडे एक अर्ज करावा अशी माझी सूचना आहे. मुख्य लेण्यांच्या आवारातच स्तूपाच्या वाटेचा ठळक मराठी फलक असावा, स्तूपाभोवती माणसाला विटांपर्यंत हात पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर साधे कुंपण असावे आणि पायवाट दर वर्षी पावसाळ्यानंतर साफ व्हावी, एवढ्या तीनच मागण्या त्यात आहेत. मसुदा मी कार्यवाहांकडे दिला आहे. सह्यांचे कागद बाहेर पुस्तकांच्या टेबलावर आहेत, आणि जानेवारीच्या सहलीची नावेही तिथेच नोंदवायची आहेत. लाँचमध्ये जागा मोजक्याच आहेत, तेव्हा विद्यार्थ्यांना आधी घ्यावे अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!